उजव्या गुडघ्याची वर्गणी

फायनलच्या अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला, चेंडू पायात आणि समोर रिकामा गोल असताना, यशोधन मिठारी मैदानात खाली बसला आणि मोजा काढू लागला. कोचीच्या स्टेडियममधल्या चाळीस हजार लोकांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी हातातली पाण्याची बाटली त्याच्या दिशेनं फेकली, म्हणजे आम्ही पाहिलंच नाही असं म्हणायला त्यांना जागा नाही.

पण चारच दिवसांनी लीगच्या मंडळानं पत्रक काढलं, की सदर सामना खेळला गेलेला नाही. पुढे ढकलला असं नाही, रद्द केला असंही नाही. झालाच नाही. चित्रफिती संग्रहातून निघाल्या, आकडे पुसले गेले, आणि बाटली लागून कपाळावर खोक पडलेल्या लाइनमनला रजेच्या अर्जात 'घरी पाय घसरला' असं लिहावं लागलं. तेव्हा आपणही तसं काही झालं नाही असंच धरून चालू. मंडळाशी उगाच कशाला वाकडं.

गुडघा मात्र होता. त्याबद्दल मंडळाचंही दुमत नाही.

यशोधन कोल्हापुरातल्या चिंचपेठेचा. या पेठेत मूल जन्मलं की आधी पाय बघतात, मुलगा की मुलगी ते नंतर. पेठेची तालीम आहे, तालमीत मारुती आहे, मारुतीसमोर लाल मातीचा हौदा आहे. हौद्यात गेल्या चाळीस वर्षांत कुणी कुस्ती खेळलेलं नाही, तिथं फुटबॉलचे बूट वाळत घालतात. शेजारच्या पाणपेठेशी मॅच असली की सोयरिका थांबतात. यशोधनच्या सख्ख्या मावशीला पाणपेठेत दिली होती. मॅचच्या आठवड्यात ती माहेरी आली तर तिला चहा मिळायचा, पण बिनसाखरेचा.

अशा पेठेला शंभर वर्षांत एखादा यशोधन मिळतो. एकोणिसाव्या वर्षी तो चेंडू असा घेऊन जायचा की बचाव करणारे त्याच्याकडं न बघता एकमेकांकडं बघायचे. पुण्याच्या 'सह्याद्री' क्लबची माणसं त्याला बघून गेली, आणि त्याच आठवड्यात, २०३२च्या जानेवारीत, सरावात त्याचा उजवा गुडघा वळला. पाय पुढे गेला आणि गुडघा विचार करत मागे राहिला.

तीन ऑपरेशनं झाली. सांधा जुळला, दुखणं मात्र राहिलं. चालताना, जिना चढताना, नुसतं खुर्चीत बसून चेंडूचा विचार केला तरी. तेव्हा कुणीतरी मिरजेच्या डॉ. निवेदिता तेरदाळकरांचं नाव सांगितलं. या बाई डॉक्टर कमी आणि संशोधक जास्त होत्या. त्यांच्याकडं पेशंट गेला की त्यांना आनंद व्हायचा, आणि तो त्या लपवत नसत.

"वेदना म्हणजे रजिस्टर पत्र," त्यांनी सांगितलं. "गुडघा पाठवतो. मेंदूनं सही करून पोच द्यायची असते. पोच मिळाली की गुडघ्याला कळतं, वर कुणीतरी आहे. मग स्नायू आवळले जातात, रक्त तिकडं वळतं, झीज भरायचं काम सुरू होतं. आजवरची वेदनाशामकं काय करत होती? पोस्टमनला डांबून ठेवत होती. खेळाडूला बरं वाटायचं, आणि पोच न मिळालेला गुडघा दोन सीझनमध्ये स्वतःचाच भुगा करून घ्यायचा."

"मग?" यशोधननं विचारलं.

"मग मला एक गोष्ट सापडली. पोचेवर सही कुणाची आहे, हे गुडघा बघत नाही."

म्हणजे घरात कुणी नसलं की शेजारी सही करून टपाल घेतो, तसंच. यशोधनच्या मांडीत, नसेला लागून, वाटाण्याएवढं यंत्र बसवायचं. ते वेदनेचा संदेश वाटेतच अडवून नडगीच्या पॅडमधल्या प्रेषकाला देणार, प्रेषक मोबाइलच्या जाळ्यावरून दुसऱ्या माणसाच्या मांडीवरच्या पट्टीला. पट्टी त्या माणसाच्या नसेत तोच संदेश सोडणार, त्याच्या मेंदूला वाटणार आपलाच गुडघा गेला, तो निमूट पोच देणार, आणि ती पोच उलट्या वाटेनं यशोधनच्या गुडघ्यात. सगळा प्रवास सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात. पाच सेकंदांत कुणीच पोच दिली नाही तर पत्र मूळ मालकाकडं परत.

"म्हणजे माझं दुखणं दुसऱ्याला होणार," यशोधन म्हणाला.

"वेदना कुणाला तरी व्हायलाच हवी," बाई म्हणाल्या. "पण तिचे भाग पाडता येतात. दोनशे भाग केले तर एकेकाला मुंगी चावल्यासारखं. फक्त एका माणसानं पाचाच्या वर भाग घ्यायचे नाहीत. तसा नियमच केलाय मी."

दोनशे माणसं कुठून आणायची, असा प्रश्न जगातल्या दुसऱ्या कुठल्याही खेळाडूला पडला असता. चिंचपेठेत तो पडला नाही. तालमीचे सेक्रेटरी बापू साळोखे यांनी मारुतीसमोर बैठक घेतली. बापूंची पिठाची गिरण. भुवयांवर कायम पीठ, त्यामुळं ते नेहमी आश्चर्यचकित झाल्यासारखे दिसत. पण त्यांना आश्चर्य कशाचंच वाटत नसे.

"गणपतीला घरटी वर्गणी, फुटबॉलला घरटी वर्गणी," बापू म्हणाले. "ही तिसरी. दोनशे चौदा घरं, दोनशे चौदा भाग. कुणाला काही म्हणायचंय?"

"दुखंल किती?" मागनं कुणीतरी विचारलं.

"तू मागल्या वर्षी गणपतीला दिलेलंस तेवढंच. कुणाच्या ध्यानातबी येणार न्हाई."

हशा झाला आणि ठराव पास झाला. यशोधन कोपऱ्यात कुबड्या धरून बसला होता. त्याला उठून काहीतरी बोलायचं होतं, नको म्हणायचं होतं. पण नको म्हणायला उभं राहावं लागतं, आणि उभं राहिलं की दुखत होतं.

पहिलं वर्ष मजेचं गेलं. यशोधन पुन्हा खेळू लागला. त्याला कुणी पाडलं की सगळ्या पेठेत एकदम, एका सुरात, 'आयाई' असा आवाज यायचा आणि पुन्हा कामं सुरू व्हायची. केशकर्तनालयवाल्याला वर्गणीतून सूट मिळाली, कारण पहिल्याच मॅचला एका गिऱ्हाइकाचा कान थोडक्यात बचावला. दाताच्या डॉक्टरनं दारावर सामन्यांचं वेळापत्रक लावलं. पुरुष मंडळी दुखण्याची चवीनं चर्चा करत. बाळंतपणं काढलेल्या बायकांनी पट्टी लावून बघितली आणि म्हणाल्या, एवढंच होय. त्यांनी घरटी दोन-दोन भाग मागितले. घरटी एकच ठरलाय, म्हणून बापूंनी समजूत घातली.

पाणपेठेचा गोलकीपर संपत चव्हाण यानं बायकोच्या माहेरच्या नावानं एक भाग मिळवला, हे नंतर कळलं. टेकलेला उजवा गुडघा बाहेरून चमकला की यशोधन चेंडू डावीकडं मारणार, एवढं त्यानं ताडलं होतं. त्या वर्षी त्यानं यशोधनच्या तीन पेनल्ट्या अडवल्या आणि तिन्ही वेळा लंगडत उठला. लोकांना वाटलं, काय खिलाडूवृत्ती आहे.

त्या काळात प्रत्येक मॅचनंतर यशोधन घरोघर जाऊन विचारायचा, लई लागलं नाही ना. मग 'सह्याद्री'नं त्याला नेलं. घरोघरच्या जागी फोन आला, फोनच्या जागी बापूंना एक मेसेज. 'सगळे ठीक?' बापूंचं उत्तर ठरलेलं असे, अंगठा. तिसऱ्या सीझनला यशोधन लीगमधला सर्वांत महागडा खेळाडू होता. मुलं त्याच्यासारखे केस कापून घेत होती. वृत्तवाहिन्या त्याला 'न दुखणारा माणूस' म्हणत. त्याला ते ऐकून कसंसंच व्हायचं, मग हळूहळू सवय झाली.

पेठेत मात्र घरं पातळ होत होती. कुणी पोरांपाशी पुण्याला गेलं, कुणी वारलं, कुणाच्या सुनेनं पट्टी बघून नाक मुरडलं. जो बाहेर पडेल त्याचा भाग उरणार. दर सहा महिन्यांनी मिरजेहून फॉर्म यायचे, प्रत्येक भागासमोर स्वीकारणाऱ्याची सही हवी. डॉक्टरबाईंना जाऊन सांगणं सोपं होतं, की माणसं कमी पडली. पण चिंचपेठेला वर्गणी जमेना, ही बातमी संध्याकाळपर्यंत पाणपेठेत पोचली असती. शिवाय तालमीची एक जुनी रीत होती. ज्या घराची वर्गणी येत नाही, तिची पावती सेक्रेटरी गुपचूप स्वतःच्या खिशातून फाडतो. घराचं नाव लिहितो आणि खाली सही करतो, 'करिता, बापू साळोखे'.

बापूंनी फॉर्मवर तेच केलं. मिरजेतल्या संगणकानं नावं वेगवेगळी बघितली आणि नियम पाळला जातोय अशी नोंद घेतली.

यशोधनला हे ठाऊक नव्हतं. म्हणजे, ठाऊक नव्हतं असं तो स्वतःला सांगत असे. चौथ्या वर्षी तो गावी आला तेव्हा तीस वर्षं उभ्यानं गिरण चालवणारे बापू स्टुलावर बसले होते.

"नवी मोटर घेतली," बापू म्हणाले. "उभं राहायला लागत न्हाई आता."

यशोधननं मोटरकडं बघितलं. ती जुनीच होती, तिच्यावर त्याच्या लहानपणी त्यानंच खिळ्यानं कोरलेला चेंडू होता. तो म्हणाला, "बरं झालं." पाचव्या वर्षी बापूंच्या हातात काठी होती. "ही होय? कुत्री लई झाल्यात गल्लीत." यशोधन म्हणाला, "व्हय, कुत्री वाढलीत." न विचारण्याचंही एक कसब असतं, आणि गुडघ्यासारखं ते सरावानं सुधारतं.

नवव्या वर्षी 'सह्याद्री' पहिल्यांदा फायनलला पोचली. फायनलच्या आधी आठ दिवस यशोधन आशीर्वाद घ्यायला पेठेत आला. बापू आत झोपले होते. इंदूकाकी, म्हणजे बापूंची बायको, ताक घेऊन आल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका होती आणि तिच्यात काही तारखांना लाल गोल होते. यशोधनला वाटलं गॅसचे किंवा दुधाचे असतील. मग त्याला त्या तारखा ओळखू आल्या.

"ह्या माझ्या मॅचेस आहेत काकी."

"व्हय की. त्या दिवशी भाकरी सकाळीच करून ठेवते. दुपारनं मला ह्यांच्यापाशी बसायला लागतं." काकींनी भांडं पुढं केलं. "मॅच नसली की चालतात तसे. मागल्या महिन्यात तुला त्या आडदांडानं पाडलं बघ, तवा पोत्यावर पडले. पोतं गव्हाचं होतं म्हणून बरं."

"काकी, बापूंकडं किती भाग आहेत?"

"ते मला काय ठावं बाबा. पट्ट्या मांडीवर मावत न्हाईत म्हणून पोटावर लावत्यात."

ताक आंबट नव्हतं. तरी यशोधननं भांडं तसंच खाली ठेवलं.

मिरजेला डॉ. तेरदाळकरांनी यादी काढली आणि प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मावळला. पेठेतलं एकेक घर गळत गेलं होतं, आणि दोनशे चौदा भागांपैकी दोनशे तेरा पोचा एकाच मेंदूच्या होत्या. उरलेला एक भाग संपत चव्हाणचा. यशोधन पेठेच्या लीगमधून जाऊन आठ वर्षं झाली होती, संपत स्वतः निवृत्त होऊन रिक्षा चालवत होता, तरी त्यानं भाग सोडला नव्हता. कारण विचारल्यावर तो म्हणाला, एकदा घेतला म्हणजे घेतला.

"मी संगणकात नावं तपासत राहिले," बाई म्हणाल्या. "माणूस एकदाही तपासला नाही. चूक माझी आहे."

"यंत्र बंद करा."

"करते. पण मग गुडघा तुझ्याकडं येईल. जिना चढू शकशील. फायनल नाही."

"फायनलनंतर करू," यशोधन म्हणाला, आणि त्या दोन शब्दांसाठी तो स्वतःला आजतागायत शिव्या देतो.

त्यानं एवढं केलं, की बापूंना फोन करून सांगितलं, त्या दिवशी सगळ्या पट्ट्या काढून ठेवायच्या, सुजलो मोडलो तरी माझं मी बघेन.

"बरं," बापू म्हणाले.

"मारुतीची शपथ घ्या."

"घेतली."

यशोधनला हायसं वाटलं. बापूंची शपथ खोटी असू शकते, हे त्याला माहीत होतं. त्यानं लगेच फोन ठेवला, न जाणो बापू खरं बोलून बसतील.

आता जे झालंच नाही, ते थोडक्यात.

शून्य-शून्य होतं. तोवर गुडघा एकदाही दुखला नव्हता, आणि तो का दुखत नाही हे यशोधननं सवयीप्रमाणं स्वतःला विचारलं नव्हतं. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला यशोधन मधल्या रेषेजवळून निघाला. समोरचा बचावपटू दोन्ही पाय पुढं करून घसरत आला आणि त्याचा बूट थेट उजव्या गुडघ्यावर बसला. कट् असा आवाज यशोधननं स्वतः ऐकला. दुखलं काहीच नाही. तो उठला, चेंडू अजून त्याच्याकडंच होता, गोलकीपर पुढं येऊन चकला होता. समोर गोल रिकामा. फार तर पंधरा पावलं.

सवयीनं तो धावला. एक पाऊल, दोन, तीन. आणि मग त्याच्या मनात सेकंद मोजले जाऊ लागले. कुणी पोच दिली नाही तर पाच सेकंदांत दुखणं परत यायचं. बूट बसल्याला सहा झाले होते, सात झाले. गुडघा गप्प होता. म्हणजे सही होत होती. दर पावलाला हजार किलोमीटरवर पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत एक एकसष्ट वर्षांचा माणूस सही करत होता, आणि पुढची बारा पावलं त्याच्यासाठी वाढून ठेवलेली होती.

गोल मारायला बाराच पावलं लागत होती. नऊ वर्षांत त्यानं किती टाकली असतील, याचा हिशेब त्याला तेव्हा करता आला नाही, पण अंदाज आला.

तो खाली बसला. मोजा खाली ओढला, नडगीचं पॅड काढलं, त्यातला प्रेषक नखानं उचकटून गवतात फेकला.

एक, दोन, तीन, चार, पाच.

दुखणं आलं. ते कसं होतं, हे सांगायला यशोधनकडं शब्द नाहीत, कारण त्याला नऊ वर्षं त्याची गरजच पडली नव्हती. एवढं कळलं, की पेठेतल्या बायका 'एवढंच होय' म्हणाल्या होत्या तो दोनशेचौदावा भाग होता. बाटल्या अंगावर येत होत्या, त्या बऱ्या वाटत होत्या. जादा वेळेत 'सह्याद्री' हरली, म्हणजे मंडळाच्या मते तसं काही घडलं नाही. एका म्हाताऱ्यावर दोनशे तेरा भाग असताना लीगनं तिकिटं विकली, हे बाहेर येण्यापेक्षा फायनल न झालेली परवडली.

पंधरा दिवसांनी यशोधन कुबड्या घेऊन गिरणीत गेला. बापू स्टुलावरच होते.

"रिकामा गोल होता रे," ते म्हणाले. "रिकामा."

"तुम्ही शपथ घेतली होती."

"मारुती आपल्या तालमीचाच हाय. त्याला कळतंय." बापूंनी भुवयांवरचं पीठ पुसलं. "बारा पावलं दम निघाला नाही व्हय तुला? मी तयार हुतो. इंदीला सांगितलं हुतं, दार लावून घे आणि तोंडात टॉवेल दे."

यशोधननं कुबड्या भिंतीला टेकवल्या.

"तुला वाटतंय मी नऊ वर्षं नुसता कण्हत हुतो," बापू म्हणाले. "लेका, तू वळणार हे टीव्हीच्या आधी मला कळायचं. पेठेत एवढ्या जवळनं मॅच बघणारा मी एकटा. आयुष्यात एक मॅच खेळलो न्हाई मी, तालमीच्या संघात कधी घेतलं न्हाई मला. तुझ्या पायानं दोनशे खेळलो."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. बापूंनी ते त्यासाठीच सांगितलं होतं, आणि यशोधनला तेही दिसत होतं, म्हणून ते जास्तच लागलं.

"आता बंद झालंय ना सगळं," तो म्हणाला. "मग काठी कशाला?"

"उजवा दुखायचा म्हणून नऊ वर्षं डाव्यावर भार टाकून चाललो. उजव्याला काय झालेलंच नव्हतं, तो झकास हाय. डावा गेला. खराखुरा." त्यांनी डाव्या गुडघ्यावर थाप मारली आणि ओठ आवळले. "हा माझा हाय हं. ह्यात वाटणी न्हाई."

यशोधन तिथून थेट मिरजेला गेला. यंत्र उलटं लावा, म्हणाला, बापूंच्या डाव्या गुडघ्याचे सगळे भाग माझ्याकडं. बाईंनी नियम वाचून दाखवला. आपली वेदना दुसऱ्याकडं पाठवायचा हक्क फक्त नोंदणीकृत खेळाडूला. गिरणवाल्याला नाही. पाचांहून जास्त भाग एकानं घ्यायचे नाहीत, हा नियम तर आता कायदा झाला होता. मग त्यानं विचारलं, मागची नऊ वर्षं परत मिळतील का. बाईंनी समजावलं, सही झालेलं दुखणं साठवलं जात नाही, ते ज्याचं झालं त्याचं झालं.

"अर्ज करून बघतो," यशोधन म्हणाला.

"कुणाकडं?"

त्यानं बरीच चौकशी करून पत्ता काढला. अर्ज असा :

प्रति,
मा. अवर सचिव,
वेदना वितरण व नियमन कक्ष, मुंबई.

विषय : मूळ मालकास दुखणे परत मिळणेबाबत.

महोदय,

मी, यशोधन मिठारी, राहणार चिंचपेठ, कोल्हापूर, कारणे अर्ज करतो की, सन २०३२ ते २०४१ या काळात माझ्या उजव्या गुडघ्याचे दुखणे श्री. बापू साळोखे यांनी माझ्याकरिता स्वीकारले आहे. सदर दुखणे माझे असून त्यांच्याकडे चुकून गेलेले नाही, मला कल्पना होती. तरी मागील नऊ वर्षांचे संपूर्ण दुखणे, सर्व सामने व सराव धरून, अर्जदारास एकरकमी परत करण्यात यावे. हप्ते पाडू नयेत. तसेच श्री. साळोखे यांचा डावा गुडघा सन २०३२ मध्ये ज्या स्थितीत होता त्या स्थितीत त्यांना परत देण्यात यावा, ही नम्र विनंती.

सोबत : उजवा गुडघा, मूळ प्रत.